फौजी घरातला छळ आणि दुर्लक्ष : कायदा काय देतो, लष्कर काय देते? नाशिक-देवळालीतल्या कुटुंबांसाठी माहिती

नवरा फौजेत आहे म्हणून घरातली मारहाण हा 'पलटणीचा मामला' होत नाही. घरगुती हिंसाचाराचा कायदा देवळाली कॅम्पातल्या क्वार्टरमध्येही तेवढाच लागू आहे, जेवढा पंचवटीतल्या वाड्यात किंवा सिन्नरच्या वस्तीवर. तरीही फौजी घरातली बाई तक्रारीपर्यंत पोहोचायला उशीर करते. नवऱ्याची नोकरी जाईल, क्वार्टर सुटेल, मुलांची शाळा बंद होईल, अशी भीती असते. शिवाय तक्रार पोलिसांकडे करायची की साहेबांकडे, हेच अनेकींना माहीत नसते.

या प्रश्नाचे उत्तर असे : दोन्हीकडे करता येते. एक दरवाजा नागरी कायद्याचा आहे आणि दुसरा लष्कराच्या स्वतःच्या नियमांचा. दोन्हींतून वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. एक ठोठावला म्हणून दुसरा बंद होत नाही.

थोडक्यात महत्त्वाचे

• घरगुती हिंसाचारासाठी फौजीला अटकेपासून कोणतेही खास संरक्षण नाही.
• पती जम्मूत असो वा आसामात, पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो.
• पती पैसे पाठवत नसेल, तर लष्कर स्वतः त्याच्या पगारातून कपात करून पत्नी-मुलांना देऊ शकते.
• महिलेला आणि मुलांना सरकारी वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.
• जिवाला धोका असेल तर आधी ११२, बाकी सगळे नंतर.

नाशिकचा या विषयाशी संबंध काय?

नाशिक हे फौजी शहर आहे, हे बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, नाशिक रोड कॅम्पात आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरला लष्करी हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि ओझरला हवाई दलाचा डेपो. सेवेत असलेले जवान, प्रशिक्षणाला आलेले अग्निवीर, निवृत्त होऊन इथेच घर बांधलेले सुभेदार आणि हवालदार, अशी हजारो कुटुंबे या पट्ट्यात राहतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोफखान्याचे अभिलेख कार्यालय, म्हणजेच आर्टिलरी रेकॉर्ड्स, नाशिक रोड कॅम्पात आहे. देशात कुठेही असलेल्या तोफखान्याच्या जवानाची सेवापुस्तिका, लग्नाची नोंद, मुलांची नावे आणि वारसाची माहिती इथे असते. त्यामुळे बिहारमधल्या किंवा तमिळनाडूतल्या तोफचीची पत्नी जेव्हा 'नवरा पैसे पाठवत नाही' असा अर्ज करते, तेव्हा त्या अर्जाचा संबंध अनेकदा नाशिकशी येतो. जवान तोफखान्याचा नसेल तर कार्यालय बदलते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला आहेत, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला.

देवळालीचे नाव आणखी एका कारणाने जगाला माहीत आहे. ब्रिटिश काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक जहाजाची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, उन्हाचा ताप, दारू आणि आजारपण, यांत काहींचे मानसिक संतुलन ढासळायचे. त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' हा डोके फिरल्यासाठीचा शब्द रूढ झाला. त्याच्या मूळ रूपातला 'टॅप' हा आपला 'ताप'च. सैनिकी जीवनाचा मनावर येणारा ताण ही आजची गोष्ट नाही. मात्र ताण हे मारहाणीचे कारण सांगता येते, समर्थन नाही.

छळ म्हणजे काय, दुर्लक्ष म्हणजे काय?

'महिलांचे घरगुती हिंसाचारापासून संरक्षण कायदा' २००५ साली मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसाचाराचे चार प्रकार मानले आहेत.

• शारीरिक : मारणे, ढकलणे, गळा दाबणे, जिवाला किंवा आरोग्याला धोका होईल असे वागणे.
• लैंगिक : इच्छेविरुद्ध जबरदस्ती, अपमान होईल असे लैंगिक वर्तन.
• शाब्दिक आणि भावनिक : शिवीगाळ, संशय, मूल होत नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे, आपल्या माणसांना मारण्याची धमकी.
• आर्थिक : घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन काढून घेणे, घरातल्या वस्तू विकणे.

फौजी घरात यातला चौथा प्रकार ठळकपणे दिसतो. नवरा सीमेवर, पगार त्याच्या खात्यात, बायको-मुले गावी सासरी. पैसे सासऱ्यांकडे किंवा दिराकडे येतात आणि मुलाच्या औषधालाही सुनेला हात पसरावा लागतो. हाताला वळ दिसत नाही म्हणून हा छळ नाही, असे अनेकांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने तो छळच आहे.

हा कायदा फक्त पत्नीसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, अशा सगळ्यांना त्याचा आधार घेता येतो. तक्रार पतीविरुद्ध तशीच सासू-नणंदेविरुद्धही करता येते. पुरुषाला या कायद्याखाली दाद मागता येत नाही. पण त्याला मारहाण किंवा धमकी झाली तर भारतीय न्याय संहितेची नेहमीची कलमे आहेतच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित महिलांपैकी सुमारे २९ टक्के महिलांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र जेमतेम १४ टक्के होत्या.

फौजी घरात हा प्रश्न वेगळा का पडतो?

सगळे एका नोकरीला बांधलेले असते. क्वार्टर, लष्करी रुग्णालयातले उपचार, कॅन्टीन कार्ड, मुलांची शाळा, हे सगळे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळते. त्यामुळे तक्रार करणे म्हणजे स्वतःच्याच घराचा खांब पाडणे, असे बाईला वाटते.

बदल्या. दोन-तीन वर्षांनी गाव बदलते. ओळखीची शेजारीण, मुलांच्या शिक्षिका, विश्वासाचे डॉक्टर, सगळे मागे राहते. माहेर शेकडो किलोमीटर दूर असते. मुलाच्या वागण्यातला फरक एखाद्या शिक्षिकेच्या लक्षात येईपर्यंत शाळा बदललेली असते.

लांबचा विरह आणि अचानक सहवास. फील्डमधून सुट्टीवर आलेल्या माणसाला घराची घडी बदललेली दिसते. बायकोने निर्णय घ्यायला सुरुवात केलेली असते, मुले ओळखत नसल्यासारखी वागतात. बहुतेक घरे यातून सावरतात. जिथे आधीपासून संशय, दारू किंवा हात उगारण्याची सवय आहे, तिथे हेच दिवस धोक्याचे ठरतात.

'इज्जत'. एका लाइनीत राहणाऱ्यांचे नवरे एकाच युनिटात काम करतात. तक्रार केली तर उद्या सगळ्यांना कळणार, साहेबांच्या कानावर जाणार, ही लाज बाईचे तोंड बंद ठेवते.

चार गैरसमज

'फौजीला पोलीस हात लावू शकत नाहीत.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२ मध्ये सैनिकांना अटकेपासून संरक्षण आहे, पण ते कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीपुरते. बायकोला मारणे हे कर्तव्य नाही. तिथे हे कलम लागू होत नाही.

'कॅन्टोन्मेंटमध्ये पोलिसांचे काही चालत नाही.' छावणीतल्या नागरी गुन्ह्यांचा तपास पोलीसच करतात. देवळाली कॅम्प पोलीस ठाणे नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाखाली येते. हद्दीचा वाद निघाला तर कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवण्याची जबाबदारी पोलिसांची.

'तक्रार केली की नोकरी जाते.' घरगुती हिंसाचार कायद्याखालचा अर्ज मुळात संरक्षण, निवारा आणि पैसे मिळवण्यासाठी असतो. तो केला म्हणून कोणी बडतर्फ होत नाही. फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यास मात्र लष्कर कारवाई करू शकते. आपल्याला कोणता मार्ग घ्यायचा, हे समजून ठरवण्यासाठी हा फरक माहीत हवा.

'फौजी परराज्यात असेल तर केस चालत नाही.' चालते. ते कसे, हे पुढे आहे.

पहिला दरवाजा : नागरी कायदा

घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज. कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तो स्वतः, वकिलामार्फत किंवा महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून अर्जासोबतच तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी करावी. त्यातून पुढील गोष्टी मिळू शकतात :

• संरक्षण आदेश : मारहाण, धमकी, फोनवरून त्रास, कामाच्या ठिकाणी येणे यांवर बंदी. हा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• निवास आदेश : घरातून बाहेर न काढण्याचा, किंवा तशाच दर्जाचे दुसरे घर वा त्याचे भाडे देण्याचा.
• पैशांचा आदेश : घरखर्च, औषधोपचार, झालेले नुकसान.
• मुलांचा तात्पुरता ताबा.

लष्करी क्वार्टरबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्वार्टर जवानाला नोकरीमुळे मिळालेले असते. बदली किंवा निवृत्ती झाली की ते सोडावेच लागते. म्हणून फक्त 'क्वार्टरमध्ये राहू द्या' एवढीच मागणी न करता पर्यायी घराचे भाडेही अर्जात मागणे शहाणपणाचे.

अर्ज कुठे करायचा? कलम २७ नुसार महिला कायमची किंवा तात्पुरती राहते तिथे, पती राहतो तिथे, किंवा छळ झाला तिथे. म्हणजे पठाणकोटला मार खाऊन निफाडला माहेरी आलेल्या महिलेला निफाडमध्येच अर्ज करता येतो. फौजदारी तक्रारीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या रूपाली देवी प्रकरणात हेच सांगितले : छळामुळे घर सोडून जिथे आसरा घेतला, तिथे गुन्हा नोंदवता येतो.

फौजदारी तक्रार. पूर्वीचे ४९८अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे. पती किंवा सासरच्यांनी क्रूर वागणूक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार झाली की लगेच अटक होतेच असे नाही. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालानंतर पोलीस बहुधा आधी नोटीस देतात.

पोटगी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे १२५) पत्नी, मुले आणि आईवडील पोटगी मागू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोन्ही बाजूंनी मिळकतीचे शपथपत्र द्यायचे असते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. फौजीचा पगार लपवता येत नाही, हा इथे पत्नीला होणारा मोठा फायदा.

पती सीमेवर असल्याने हजर राहू शकत नसेल, तर दिवाणी दाव्यांत 'भारतीय सैनिक (दावे) कायदा, १९२५' आड येतो. युद्धासारख्या विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या जवानाविरुद्ध त्याच्या माघारी निकाल लागू नये, म्हणून सुनावणी पुढे ढकलली जाते. त्याने तारीख पुढे जाते, हक्क जात नाही.

दुसरा दरवाजा : युनिट आणि अभिलेख कार्यालय

कमांडिंग ऑफिसरकडे तक्रार. युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओ साहेबांना, लेखी अर्ज देता येतो. ते चौकशी लावू शकतात, समज देऊ शकतात, जवानाला समुपदेशनाला किंवा मानसोपचाराला पाठवू शकतात. लष्कर कायदा, १९५० मध्ये अधिकारी आणि जेसीओंच्या अशोभनीय वर्तनासाठी कलम ४५ आहे, तर शिस्तीला बाधा आणणाऱ्या कृतीसाठी कलम ६३. हवाई दल आणि नौदलाचे स्वतंत्र कायदे आहेत.

पगारातून थेट कपात. ही तरतूद फार कमी कुटुंबांना माहीत असते. लष्करी पगारावर दिवाणी न्यायालयाला थेट जप्ती आणता येत नाही, हे कलम २८ सांगते. पण त्याच कायद्याच्या कलम ९० (अधिकारी) आणि ९१ (जेसीओ व जवान) नुसार पत्नी आणि मुलांच्या निर्वाहासाठी लष्कर स्वतः पगारातून रक्कम कापू शकते. लष्करी आदेशांनुसार हे प्रमाण पत्नीसाठी वेतन-भत्त्यांच्या २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के आणि एकूण कमाल ३३ टक्के असे ठरलेले आहे.

याची पद्धत अशी. पत्नी युनिटकडे अर्ज करते आणि प्रत अभिलेख कार्यालयाला पाठवते. पतीला कारणे दाखवा नोटीस जाते. त्याचे म्हणणे आणि वरिष्ठांची शिफारस जोडून फाइल वर जाते आणि निर्णय कमांडच्या पातळीवर होतो. याला काही महिने लागतात. त्यामुळे या अर्जाच्या भरवशावर न्यायालयातला पोटगीचा अर्ज थांबवू नये. न्यायालयाचा आदेश आल्यावर त्याची प्रमाणित प्रत युनिट, अभिलेख कार्यालय आणि वेतन लेखा कार्यालयाला पाठवावी.

अर्जात काय असावे?

• पतीचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट
• लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधारची प्रत
• पैसे कधीपासून बंद आहेत, त्याचा बँक पासबुकातला पुरावा
• पत्नीच्या स्वतःच्या खात्याचा तपशील
• पोलीस तक्रार, वैद्यकीय कागद किंवा न्यायालयीन अर्ज असल्यास त्याची प्रत

'पार्ट टू ऑर्डर' तपासा. लग्न, मुलाचा जन्म, घटस्फोट या घटनांची सेवापुस्तिकेतली नोंद पार्ट टू ऑर्डरने होते. ही नोंद नसेल तर पत्नीचे नाव लष्कराच्या कागदावर नसते आणि पुढे पेन्शनपर्यंत सगळे अडते. लग्नानंतर लगेच ही नोंद झाली का, हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. 'मी तुला सोडली' असे म्हणून नाव कमी होत नाही. त्यासाठी न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो.

या दरवाजाच्या मर्यादाही आहेत. युनिट संरक्षण आदेश देऊ शकत नाही, घटस्फोट देऊ शकत नाही, मुलांचा ताबा ठरवू शकत नाही. 'आपसांत मिटवा' असा सल्लाही मिळू शकतो. पैशाच्या भांडणात समेट उपयोगी पडतो. गळा दाबणाऱ्या माणसासोबत समेटाच्या नावाखाली पुन्हा एका खोलीत राहायला लावणे धोक्याचे असते.

एक उदाहरण : दोन्ही दरवाजे एकदम

समजा, येवला तालुक्यातल्या एका महिलेचा पती तोफखान्यात हवालदार आहे आणि सध्या जम्मूत आहे. सुट्टीवर आला की मारतो, आठ महिने पैसे पाठवलेले नाहीत, सासरच्यांनी तिला मुलासह बाहेर काढले आहे. ती माहेरी आहे.

तिने आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि जखम कशी झाली हे डॉक्टरांना खरे सांगावे. मग संरक्षण अधिकाऱ्यामार्फत स्थानिक न्यायालयात अर्ज करावा. त्यात संरक्षण, घरभाडे, अंतरिम पोटगी आणि मुलाचा ताबा मागावा. त्याच आठवड्यात सीओ साहेबांना आणि नाशिक रोडच्या अभिलेख कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने निर्वाह भत्त्याचा अर्ज पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी. वकील जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयातून मोफत मिळेल. गुन्हा नोंदवायचा की नाही, हा निर्णय तिचा आणि तो नंतरही घेता येतो. पण मारहाण गंभीर असेल तर वाट बघू नये.

मुलांच्या बाबतीत वेगळे काय?

मुलाला मारहाण, उपाशी ठेवणे, उपचार न करणे, कोंडून ठेवणे हे बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आईला रोज मार खाताना बघणाऱ्या मुलावरही परिणाम होतो. झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे, अभ्यासात अचानक मागे पडणे, वडील येणार म्हटले की पोटात दुखणे, या खुणांकडे लक्ष हवे.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या कोणीही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आरोपी वडील असोत, शेजारचे काका असोत की वरिष्ठ अधिकारी, 'युनिटमध्येच मिटवू' हा मार्ग कायद्याला मान्य नाही. शाळा, डॉक्टर आणि शेजारी यांनी १०९८ वर कळवावे. पुढे बालकल्याण समिती मुलाच्या सुरक्षिततेचा निर्णय घेते.

म्हातारे आईवडील आणि वीरपत्नी

दुर्लक्षाचे बळी फक्त बायको-मुले नसतात. नोकरीला असलेला मुलगा गावाकडच्या आईवडिलांना विचारत नाही, किंवा निवृत्त सुभेदारांच्या पेन्शनवर घर चालते पण त्यांच्याच औषधाला पैसे नसतात, अशीही घरे असतात. 'आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७' खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेली मालमत्ता, त्याने सांभाळले नाही तर, परतही मिळवता येते.

वीरपत्नींचा प्रश्न आणखी नाजूक असतो. पेन्शन आणि मदतीच्या रकमेसाठी सासरकडून दबाव, पासबुक काढून घेणे, दिराशी लग्नाचा आग्रह, घरातून बाहेर काढणे, हे सारे घरगुती हिंसाचारातच येते. कुटुंब निवृत्तिवेतन आणि सवलतींची कागदपत्रे समजून घेण्यासाठी नाशिकचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे पहिले ठिकाण. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठीही तेच.

आज रात्रीच धोका असेल तर

• ११२ लावा. बोलता येत नसेल तर शेजारी किंवा मूल लावेल, असा खुणेचा शब्द आधी ठरवून ठेवा.
• भांडण वाढले की स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळा. बाहेर पडता येईल अशा खोलीत थांबा. घरात शस्त्र असेल तर वाद घालू नका, निघा.
• गळा दाबल्यास खूण दिसत नसली तरी दवाखान्यात जा. सूज नंतर वाढू शकते.
• आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले, पासबुक आणि आश्रित ओळखपत्र यांचे फोटो विश्वासाच्या माणसाकडे पाठवून ठेवा.
• फोनमधले लोकेशन शेअरिंग बंद करा. पती पासवर्ड जाणत असेल तर मदतीचा शोध दुसऱ्याच्या फोनवरून घ्या.
• धमक्यांचे मेसेज आणि कॉल रेकॉर्ड पुसू नका.

सोशल मीडियावर व्हिडिओ टाकण्याआधी थांबा. त्यातून युनिटचे ठिकाण, क्वार्टरचा पत्ता आणि मुलांचे चेहरे उघड होतात. समोरच्या बाजूला उलट तक्रारीचे निमित्तही मिळते. तोच व्हिडिओ पोलिसांकडे किंवा वकिलाकडे पुरावा म्हणून जास्त कामाचा.

आधीच काय करता येईल?

पैशांची व्यवस्था लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ठरवावी. पत्नीच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम थेट जमा झाली, तर पुढचे निम्मे वाद टळतात. पोस्टिंग फील्डची असेल तर कुटुंब कुठे राहणार, सासरी, माहेरी की वेगळ्या कुटुंब-क्वार्टरमध्ये, याचा निर्णय पत्नीला विचारून व्हावा.

झोप न लागणे, सतत चिडचिड, दारू वाढणे, जीव देण्याची भाषा, या खुणा दिसल्या की उपचार घ्यावेत. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. सशस्त्र दलांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला.

१९६६ साली स्थापन झालेली 'आवा' ही लष्करी पत्नींची कल्याणकारी संघटना छावण्यांमध्ये काम करते. हवाई दल आणि नौदलातही अशा संघटना आहेत. तिथे मैत्री, कौशल्य-प्रशिक्षण आणि समुपदेशन मिळते. ती संघटना न्यायालय नाही. तिथे नवऱ्याच्या साहेबांच्या पत्नीसमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर बाहेरची मदत घेण्यात काही गैर नाही.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत अनेक सैनिकपत्नींचे खून झाले आणि देश हादरला. आज तिथे पीडित व्यक्तीला दोन प्रकारे नोंद करता येते. एकीत वरिष्ठांना कळते आणि चौकशी होते. दुसरीत वरिष्ठांना न कळवता उपचार आणि समुपदेशन मिळते. छळामुळे सैनिक सेवेतून निघाला तर कुटुंबाला १२ ते ३६ महिने आर्थिक मदत मिळते. 'नवऱ्याची नोकरी गेली तर आम्ही खायचे काय?' या प्रश्नाला दिलेले हे थेट उत्तर आहे. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानेही २०१८ साली सैन्यातल्या घरगुती छळाविरुद्ध स्वतंत्र धोरण आणले.

आपल्याकडे लष्करात अशी गोपनीय नोंद आणि संक्रमणकाळातली मदत यांची जागा भरायची तर नागरी यंत्रणेचाच आधार घ्यावा लागतो. सखी केंद्र, संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे गेले म्हणून युनिटला आपोआप कळत नाही.

शेजाऱ्यांनी आणि मैत्रिणींनी काय करावे?

'तू असे काय केलेस?' हा प्रश्न विचारू नये. 'मला सांगितलेस ते बरे केलेस, आता काय करायचे ते तू ठरव' एवढे म्हणावे. भिंतीपलीकडून आवाज आला तर काही निमित्ताने दार वाजवावे, एकट्याने मध्ये पडू नये, ११२ लावावा. तिची गोष्ट लाइनीत पसरवू नये. ती परत त्याच्याकडे गेली तरी दार बंद करू नये. घर सोडण्याचा निर्णय अनेकींना एका फटक्यात घेता येत नाही.

मदतीचे क्रमांक आणि ठिकाणे

• ११२ : पोलीस आणि इतर तातडीची मदत
• १८१ : महिला हेल्पलाइन
• १०९८ : चाइल्ड हेल्पलाइन
• १४५६७ : ज्येष्ठ नागरिक
• १४४१६ : टेली-मानस, मानसिक आरोग्य
• १५१०० : मोफत कायदेशीर मदत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी सैनिक कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे.
• सखी वन स्टॉप सेंटर : तात्पुरता निवारा, वैद्यकीय, पोलीस आणि कायदेशीर मदत एका ठिकाणी
• महिला व मुलांसाठी सहाय्य कक्ष : १९८४ साली मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरलेला उपक्रम. पोलिसांच्या आवारात बसणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते इथे ऐकून घेतात.
• जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, नाशिक : माजी सैनिक, वीरपत्नी आणि सेवेतील जवानांची कुटुंबे

या यादीतला कोणताही क्रमांक लावण्यासाठी नवऱ्याची, सासऱ्यांची किंवा साहेबांची परवानगी लागत नाही.